सुभेदारसाहेबांचं तारण

३० ऑगस्ट

अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला. तीन ठिकाणी अडथळे, त्यातला एक वाईट जागी. बायपास करावी लागेल म्हणाले डॉक्टर. औषधांवर तीन-चार आठवडे थांबू शकता, त्याहून जास्त नको. आयुष्यभर मी नर्स होते. अशी बातमी ऐकणाऱ्या नातेवाइकांना मी खुर्ची आणून देत असे. आज मला कुणी खुर्ची दिली नाही, मी उभीच होते.

हंबीररावांनी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशननंतर मटण चालेल का. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. यांना कशाचंच गांभीर्य नाही. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, नंतर कुपवाडला एका कारखान्याची सिक्युरिटी सांभाळली, पण यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. येताना स्कूटरही यांनीच चालवली. विश्रामबागच्या चौकात थांबून पेरू घेतले, आणि पेरूवाल्याला सांगितलं, जरा कच्चे दे, आमच्या सिस्टरला कच्चे आवडतात.

सुट्टीवर आलेले असताना पाय मोडून आमच्या वॉर्डात दाखल झाले होते, तेव्हापासून मला सिस्टर म्हणतात. लग्न झालं, केस पिकले, तरी सिस्टरच. चर्चच्या फाटकाशी कुणासमोर हाक मारली की मला शरमल्यासारखं होतं, नन समजतात लोक.

आजपासून लिहायचं ठरवलंय. वॉर्डात पाळी संपताना सगळं लिहून पुढच्या नर्सच्या हाती द्यायची सवय होती. आता पुढे कुणी नाही, पण लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही.

आणि विचार एकच आहे. यांचा बाप्तिस्मा झालेला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

रविवारी हे मला चर्चच्या फाटकाशी सोडतात आणि मटणाच्या दुकानात जातात. मिस्सेची उपासना संपायला आणि यांची मांडी तोलून व्हायला एकच वेळ लागतो. आज डॉक्टरांच्या हुकमामुळे दोडके घेऊन आले आणि घरापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

मिस्सेनंतर मी फादर सूरजना गाठलं. नवे आहेत, नगरकडचे, तिशीच्या आसपास. विचारलं, ख्रिस्ती नसलेल्या माणसाचं तारण होतं का, मेल्यावर तो देवाकडे जातो का? कुणाबद्दल विचारते आहे ते सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्या गावी मिस्सेला जायचं होतं. धर्मशिक्षणाचं एक जाडजूड पुस्तक दिलं, पान दुमडून. म्हणाले, आंटी, शांतपणे वाचा, मग बोलू.

घरी येऊन वाचलं. स्वतःची काही चूक नसताना ज्यांना ख्रिस्त कळलाच नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि आतल्या आवाजाला धरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. वाचून इतकं बरं वाटलं की मी पुस्तकाच्या पानावरून हात फिरवला. मग वरच्या ओळी वाचल्या, ज्या घाईत राहिल्या होत्या. देवाने ख्रिस्तसभा, म्हणजे आमचं चर्च, तारणासाठी आवश्यक म्हणून स्थापली हे कळत असूनही जो आत यायला नाकारतो, त्याचं तारण होत नाही.

पुस्तक मिटलं आणि दोडके चिरायला घेतले.

२ सप्टेंबर

दोन दिवस तेच डोक्यात आहे. न कळलेल्यांना सवलत आहे. पण यांना कळलेलं नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मीच तर सगळं सांगितलंय.

मी वसईची. आमच्याकडे संध्याकाळी घरभर रोझरीची जपमाळ चालायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी यांच्याजवळ बायबलातलं शुभवर्तमान बोलायचे. लग्न बिशपांची परवानगी काढून चर्चमध्येच झालं होतं. यांनी एकच अट घातली होती, मला देव बदलायला सांगायचं नाही. मी कधी सांगितलं नाही. नुसत्या गोष्टी सांगितल्या. यांना त्या पाठ आहेत. येशूला पकडायला आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून एकाचा कान कापला, ती गोष्ट यांची लाडकी. "एवढ्या मानसात एकच गडी कामाचा," म्हणतात. उधळ्या मुलाच्या गोष्टीत मात्र दर वर्षी भांडतात. घर सोडून गेलेल्याला मेजवानी, आणि जो शेतात राबला त्याला साधं करडूसुद्धा नाही, हा कुठला न्याय? हे फौजेत असताना गावाकडे शेत धाकट्या भावाने, जयरावांनी, ओढलं, म्हणून ती गोष्ट यांना लागते. ती ऐकली की त्या आठवड्यात जयरावांना काहीतरी घेऊन जातात.

तेव्हा न कळलेला माणूस हा नव्हे. औंधजवळच्या आपल्या गावातच राहून यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं असतं, तर यमाईला नारळ फोडत, सरळ वागत, न कळलेल्यांच्या रांगेतून बिनबोभाट वर गेले असते. मी भेटले. मी सगळं सांगितलं. यांची वाट मीच बंद केली.

आणि हे काय करताहेत? आज मला इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला शिकवलं. म्हटलं, तुम्ही घालता की. म्हणाले, शिकून ठेव. मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक दाखवला. मग गॅसचा रेग्युलेटर माझ्याकडून तीनदा काढून घेतला आणि लावून घेतला. ऑपरेशन तोंडावर आलंय आणि यांना घरातली डागडुजी सुचते. माणसाने जरा आत्म्याचा विचार करावा.

५ सप्टेंबर

आज विचारलं. चहा देऊन, समोर बसून, सरळ विचारलं, बाप्तिस्मा घ्याल का? वर्षानुवर्षं पाळलेली अट मोडते आहे हेही सांगितलं. हे रागावतील असं वाटलं होतं. कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय म्हणतो की. एवढ्यासाठी चार दिस झोपली न्हाईस व्हय?"

मला वाटत होतं यांना काही कळत नाही.

इतकी आनंदात होते की संध्याकाळी यांच्या आग्रहावरून स्कूटर शिकायलाही कबूल झाले. या वयात! मोकळ्या मैदानावर हे मागे धरून चालत होते. यांना धाप लागली तेव्हा मी ओरडले. हे म्हणाले, उद्या परत.

७ सप्टेंबर, रविवार

मला फादरांचा फार राग आलाय.

मिस्सेनंतर मी यांना आत घेऊन गेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. असे हे गेल्या कित्येक वर्षांत चर्चच्या आत आले नव्हते. फादरांनी खुर्ची दिली, चौकशी केली, आणि मग विचारलं, सुभेदारसाहेब, तुम्हांला बाप्तिस्मा का हवाय?

"मला न्हाई, हिला हवाय."

"आणि तुम्हांला काय हवंय?"

"हिचा जीव शांत झालेला हवाय."

फादरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग विचारलं, येशू हा देवाचा पुत्र आहे असं तुम्हांला मनापासून वाटतं का? मी टेबलाखालून यांच्या बुटावर पाय दिला. एक हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

"फादरसाहेब, त्यो लय चांगला मानूस, ह्यात काय वाद न्हाई. पर खोटं कशाला बोलू? यमाई मी सोडलेली न्हाई आन सुटायची बी न्हाई."

फादर म्हणाले, मग मी पाणी घालू शकत नाही. नातेवाइकांनी सांगितलं म्हणून द्यायचं हे इंजेक्शन नाही. ज्याला घ्यायचंय त्याची श्रद्धा पाहिजे. मी म्हटलं, ऑपरेशन आहे, काही झालं तर? ते म्हणाले, कधीही बोलवा, मी येतो. पण तेव्हाही त्यांना काय हवंय तेच विचारीन, आंटी, तुम्हांला काय हवंय ते नाही.

सगळ्या जगाला वाटतं आम्ही माणसं बाटवायला टपून बसलोय. आणि इथे चांगला माणूस बूट घालून स्वतःच्या पायांनी आला, तर आमचे फादर त्याला चहा पाजून परत पाठवतात!

येताना हे खुशीत होते. म्हणाले, "पोरगं सरळ हाय. फौजेत पायजे व्हतं."

१० सप्टेंबर

मी ठरवलंय. अडचणीच्या वेळी फादर नसले तरी चालतं. जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. साधं पाणी डोक्यावर ओतायचं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते, असं म्हणायचं. आम्हां ख्रिस्ती नर्सेसना हे आधी शिकवतात. मोठ्या माणसाने मात्र हो म्हणायला हवं, आणि हे हो म्हणालेच आहेत. मनापासून की माझ्यासाठी, ते देव बघून घेईल. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी पाणी घालणार.

मन एकदम हलकं झालं. यांनाही आज बरं वाटतंय. कपाट आवरलं, स्वतःचे जुने कोट काढून वॉचमनला दिले. म्हटलं, थंडीत काय घालाल? म्हणाले, बघू.

१५ सप्टेंबर, गाव

सासऱ्यांचा म्हाळ होता. पितृपंधरवड्यात यांनी तो कधी चुकवलेला नाही, सीमेवर असतानाचं सोडून. जयरावांनी गाडी पाठवली. औंधला डोंगराच्या पायथ्याशी यांनी ती थांबवायला लावली. पायऱ्या चढायला बंदी आहे, म्हणून खालूनच हात जोडले. बराच वेळ उभे होते. मी गाडीत बसून रोझरीचे मणी ओढले. उन्हात इतका वेळ उभं राहायचं काही कारण नव्हतं, असं मी बोललेही.

घरी खीर, वडे, भोपळा, गवार, कढी, सगळं रांधलेलं. जयराव पान घेऊन वर पत्र्यावर ठेवून आले आणि यांनी अंगणात उभं राहून बापाला हाक मारावी तशी कावळ्याला हाक मारली. कावळा लगेच आला. सगळे जेवायला बसले.

जेवणानंतर सासूबाईंनी मला परसात बोलावलं. मनुबाई. नव्वदीच्या पुढे असतील, स्वतःचं वय त्यांना ठाऊक नाही. मी त्यांना आत्या म्हणते, इकडची रीत. कार्मेलीन हे नाव त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही, पहिल्या दिवसापासून मी त्यांची कमळ. लग्न झालं तेव्हा भाऊबंदांनी कुरकुर केली होती. आत्यांनी सगळ्यांसमोर मला आपल्या ताटात जेवायला बसवलं आणि तो विषय संपला. पुढे मला मूल झालं नाही, तेव्हाही या बाईने मला एका शब्दाने दुखवलं नाही. तो उपकार मी विसरलेली नाही.

शेवग्याखाली बसलो. त्या म्हणाल्या, "कमळे, हंबीर म्हणत व्हता, तू त्याला तुमच्यात घेनार."

मला वाटलं आता बोलणं खावं लागणार. मी मान हलवली.

"पानी घातलं म्हंजी त्यो तुमच्या देवाकडं जानार, व्हय?"

मी हो म्हटलं.

"चांगलं हाय. तुजा देव वाईट हाय आसं मी म्हनत न्हाई." मग बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. "पर त्याचा बा हितं येतोय. आत्ता जेवून गेला न्हवं? उद्या मी बी जानार, मी बी येनार. मग ह्यो कुटं आसंल? मी माज्या लेकाला कुटं भेटायचं, कमळे?"

इतके दिवस मी हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपते आहे. तो माझ्या एकटीचा आहे असं मला वाटत होतं. यांना माझ्या बाजूला ओढते आहे, तर दुसरा हात कुणीतरी धरलेला असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रडू नगंस. तुजं बी खरं हाय. तुला बी त्यो पायजेच की." आणि उरलेली खीर डब्यात भरून दिली, यांना एकच वाटी द्यायची अशा ताकिदीसह.

१८ सप्टेंबर

हे झोपलेले पाहून दुपारी चर्चला गेले. रिक्षाने. स्कूटर मैदानापुरती जमते.

फादर बागेतल्या कुंड्यांची माती उकरत होते. राग धरून गेले होते, पण त्यांना तसं पाहून तो टिकला नाही. मी सगळं सांगितलं. त्या ओळी, माझी भीती, सासूबाईंचा प्रश्न. विचारलं, मी यांना काही सांगितलंच नसतं तर यांचं तारण सोपं झालं असतं का? माझ्यामुळे यांची वाट बंद झाली का, तेवढं स्पष्ट सांगा, मला गोड बोलून घरी पाठवू नका.

त्यांनी हात धुतले आणि पायरीवर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, कानावर पडणं आणि आत कळणं यांत फरक आहे. हेच खरं, असं मनात पक्कं पटलेलं असताना कुणी स्वार्थासाठी पाठ फिरवली, तर ते नाकारणं. सुभेदारसाहेबांनी पाठ कधी फिरवली? त्यांना जे मनापासून पटलं नाही त्याला त्यांनी माझ्यासमोर हो म्हटलं नाही, तेसुद्धा तुम्ही टेबलाखालून पाय देत असताना. तोच आतला आवाज, आंटी. त्याला धरून वागणारा माणूस देवापासून लांब चाललाय असं आपली ख्रिस्तसभा म्हणत नाही. तारण येतं ते येशूकडूनच, असं मी मानतो. पण तो ते कुणाच्या दाराशी कुठल्या वाटेने नेतो, हे त्याने मला विचारलेलं नाही.

मी म्हटलं, म्हणजे नक्की होईल?

ते म्हणाले, नक्की तर तुमचं आणि माझंही मी सांगू शकत नाही. आशा धरता येते. खूप धरता येते.

नर्सला आशा हा शब्द फारसा आवडत नाही. डॉक्टर तो कधी वापरतात ते आम्हांला माहीत असतं.

मग त्यांनी विचारलं, "आंटी, देवाचं त्यांच्यावर जितकं प्रेम आहे, त्यापेक्षा तुमचं जास्त आहे असं तुम्हांला वाटतं का?"

मी म्हटलं, "हो. वाटतं."

फादर इतके मोठ्याने हसले की माळी बघायला आला. मी खरंच बोलले होते, त्यात हसण्यासारखं काय होतं? मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, हे त्याला प्रार्थनेत सांगा, त्यालाही ऐकू दे.

सासूबाईंच्या प्रश्नाचं काय, हे मी जाताना विचारलं. आई आपल्या लेकाला कुठे भेटणार? ते म्हणाले, मला माहीत नाही. पण ज्याने आई केली त्याला हा प्रश्न सुचला नसेल, असं मला वाटत नाही.

पाणी घालायचं की नाही ते मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

२४ सप्टेंबर

दाखल झालो. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचं. सासूबाई आल्या आहेत. नवरात्रातले घट धाकट्या सुनेवर सोपवून आल्या. असं त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. मी म्हटलं, आत्या, देवीचा कोप होईल. त्या म्हणाल्या, तिला बी पोरं हायत.

दाखल होण्याआधी यांनी मला घरातला प्रत्येक दिवा लावून-बंद करून दाखवायला लावला. मी चिडले. हे नुसते बघत होते, माझ्याकडे, दिव्यांकडे नव्हे.

२५ सप्टेंबर, ऑपरेशन चालू आहे

बाहेर बाकावर बसून लिहिते आहे. सासूबाई शेजारी आहेत, जयराव खाली औषधं आणायला गेलेत.

सकाळी यांना हिरवे कपडे घातले. वॉर्डबॉय ट्रॉली आणायला गेला तेवढी पाच-दहा मिनिटं आम्ही दोघंच होतो. मी पाणी काढून ठेवलं होतं, स्टीलच्या पेल्यात, रुमालाखाली. यांनी ते केव्हाच पाहिलं होतं.

"सिस्टर," हे म्हणाले, "घालायचं आसंल तर आत्ता घाल. मी व्हय म्हनतो. फादर न्हाई हितं इचारायला."

मी पेला उचलला. मला फक्त हात पुढे करायचा होता. शब्द पाठ होते. पण फादर विचारणार नसले तरी विचारायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मीच विचारलं. तुम्हांला काय हवंय?

"तू रडायची थांबली पायजेस."

मी रडते आहे हे मला माहीतच नव्हतं. यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दाढी केलेला, शहाण्या मुलासारखा वाट बघणारा चेहरा. हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या देवीला सोडायला निघाला होता, आईला सोडायला निघाला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघाला होता. मी हे त्याच्याकडून करून घेणार होते, तेही प्रेमाने.

पेल्यातलं पाणी मी पिऊन टाकलं.

हे बघत राहिले. मी म्हटलं, आत्यांना बोलावते. त्या आल्या, यांच्या केसांतून हात फिरवला, काहीतरी पुटपुटल्या. मग मागे सरकून मला पुढे केलं. मी कोरड्या अंगठ्याने यांच्या कपाळावर क्रूस काढला. तेवढ्यात ट्रॉली आली.

आता दुपार झाली. मी देवाला सांगितलं आहे, तुझ्यापेक्षा माझं जास्त आहे. आता तुझं किती आहे ते तू दाखव. सासूबाई काय सांगताहेत ते मला ऐकू येत नाही. ओठ हलताहेत.

२६ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. नळ्या आहेत, गुंगी आहे. मी सगळे आकडे वाचले, आकडे चांगले आहेत. सासूबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, हळू, हाडं हायत.

२९ सप्टेंबर

आज यांना वॉर्डात आणलं. आवाज बारीक झालाय, पण मटणाची चौकशी केली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या.

मी यांना चमच्याने पेज भरवत होते. मधेच म्हणाले, भूल देणाऱ्या बाईंनी मोठा श्वास घ्या म्हटलं, तेव्हा मला लय भ्या वाटलं. मी चमचा खाली ठेवला. सबंध आयुष्यात हा शब्द यांच्या तोंडून ऐकला नव्हता. म्हटलं, मग? काही म्हणालात का मनात? मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. माणूस त्या क्षणी कुणाचं नाव घेतो, त्यावर बरंच काही अवलंबून असतं, असं मला वाटत आलंय.

"म्हनलो की."

"काय?"

"म्हनलं, माजं काय आसंल ते आसू दे. मी आलो तर आलो. पर भाईर बाकावर ती बसलीया. तिला पोर न्हाई, बाळ न्हाई. मी न्हाई परत आलो तर तिच्याकडं कोन बगनार? तिच्याकडं तुमी बगा."

मी चमचा परत हातात घेतला. मग विचारलं, हे कुणाला म्हणालात? यमाईला की येशूला?

यांनी विचार केला. खोटं बोलायचं नाही ना, म्हणून नीट आठवून पाहिलं.

"नाव घ्याला येळच न्हवता, सिस्टर. म्हनलं, जो कोन ड्यूटीवर आसंल त्यानं ऐकावं."

आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

महिनाभर मी ज्या माणसासाठी स्वर्गाच्या दाराशी भांडत होते, तो दाराशी पोहोचला तेव्हा त्याने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. रविवारी फादरांना हे सांगणार आहे. हा माणूस कुठे पोहोचेल याची मला आता काळजी राहिलेली नाही. मीच मागे राहू नये म्हणजे झालं.